काशी झाली, पण घर अजून लांब आहे

प्रयाग-काशीहून स्वतःच्या गाडीने परतणाऱ्या कुटुंबांनी शेवटच्या तीन-चार दिवसांकडे जरा निराळ्या नजरेने पाहावे. त्यासाठी जबलपूरजवळच्या मझौलीपर्यंत वाट वाकडी करायलाही हरकत नाही!

सहल ठरली की घरात एक कागद तयार होतो. पहिला मुक्काम कुठे, दुसरा कुठे, कोणत्या देवळात पहाटेची आरती मिळेल, वाटेत कुणाच्या मावसबहिणीचे घर लागते, सगळे त्यावर तपशीलवार लिहिलेले असते. जाण्याचे तीन दिवस, तिथले चार दिवस. आणि कागदाच्या तळाशी, उरलेल्या जागेत, एवढेच : ‘परत.’ प्रयागहून नागपूरमार्गे पुण्यापर्यंतच्या जवळजवळ साडेतेराशे किलोमीटरांच्या वाट्याला हा एक शब्द येतो.

जाताना जो गृहस्थ दर दोन तासांनी चहाला थांबत होता, तोच येताना म्हणू लागतो, ‘आता मध्ये कुठे थांबायचं नाही. एका दमात घर गाठू.’

त्यालाही कारणे असतात. रजा संपत आलेली असते. सोमवारी मुलांची शाळा असते. खोल्यांवर ठरल्यापेक्षा जास्त पैसे गेलेले असतात आणि आणखी एका रात्रीचे भाडे डोळ्यांपुढे उभे राहते. मळक्या कपड्यांची पिशवी फुगलेली, आजींच्या गोळ्यांची पट्टी संपत आलेली, गंगेचा गडू सांडेल म्हणून कुणाच्या तरी मांडीवर. त्यात आठ दिवस एकाच गाडीत कोंबलेल्या माणसांचे एकमेकांशी बोलून झालेले असते, आणि खिडकी कुणाची यावरून दोनदा रडारडही. बघायचे ते बघून झाले, आता उरला तो नुसता रस्ता, असे लहानथोर सगळ्यांनाच वाटत असते. नियोजन संपते ते इथे. जोखीम मात्र इथूनच वाढू लागते.

सिहोऱ्याजवळचे तेरा दिवस

२०२५ च्या महाकुंभाला (१३ जानेवारी ते २६ फेब्रुवारी) महाराष्ट्र, तेलंगण, आंध्र, कर्नाटक अशा राज्यांतून असंख्य कुटुंबे मोटारीने प्रयागराजला गेली. दक्षिणेकडून जाणाऱ्या बऱ्याच जणांची वाट एकच होती : नागपूर, सिवनी, लखनादौन, जबलपूर, सिहोरा, कटनी, मैहर, रीवा. जुन्या माणसांना हा रस्ता वाराणसी-कन्याकुमारी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ म्हणून माहीत आहे. आता त्याचे तुकडे ३०, ३४ आणि ४४ अशा क्रमांकांनी ओळखले जातात. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात या रस्त्यावर इतकी कोंडी झाली, की मध्य प्रदेशच्या पोलिसांना कटनी, जबलपूर परिसरात गाड्या जागच्या जागी थोपवून धराव्या लागल्या.

११ फेब्रुवारीच्या सकाळी सिहोऱ्याजवळ, प्रयागहून हैदराबादकडे परतणाऱ्या एका मिनीबसची आणि ट्रकची टक्कर झाली. सात माणसे गेली. त्यानंतर बरोबर तेरा दिवसांनी, २४ फेब्रुवारीच्या पहाटे, त्याच परिसरात खितौलाजवळ बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकच्या भाविकांची जीप दुभाजक ओलांडून पलीकडच्या बसवर आदळली. सहा जण गेले. गोकाक म्हणजे आपल्या सीमेलगतचेच गाव.

पहिल्या अपघातात ट्रक चुकीच्या बाजूने आला होता, असे तेव्हाच्या बातम्यांत म्हटले होते. दुसऱ्याची वेळ पहाटे पाचच्या सुमाराची होती. कुणाचा दोष किती, हे तपास करणाऱ्यांनी ठरवावे. गेलेल्यांकडे बोट दाखवण्याचा आपल्याला काही अधिकार नाही. परंतु नकाशा काढून बसले की एक गोष्ट ध्यानात येते. प्रयागपासून सिहोरा सव्वातीनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. दिवसभर गर्दीत चालून, स्नान-दर्शन उरकून रात्री निघालेली गाडी उजाडता उजाडता जिथे पोचते, तिथे हे गाव लागते. शरीराला झोपेची सर्वांत जास्त ओढ असते ती नेमकी त्याच वेळेला!

देशभरात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. घरी परतताना गेलेल्यांचा वेगळा रकाना या आकड्यात नसतो.

स्लीमनचा रस्ता

परतणाऱ्या माणसांसाठी हा रस्ता पूर्वीही सोपा नव्हता. मिर्झापूरहून रीवा, जबलपूर, सिवनी करीत नागपूरला उतरणारी ही दख्खनची जुनी वाट. कटनी आणि सिहोरा यांच्या दरम्यान स्लीमनाबाद नावाचे गाव लागते. ते ज्याच्या नावाने ओळखले जाते तो विल्यम स्लीमन हा इंग्रज अधिकारी १८३० च्या दशकात जबलपुरात बसून ठगांचा बंदोबस्त करीत होता. ठगांच्या कथा इंग्रजांनी किती फुगवल्या याबद्दल इतिहासकारांत वाद आहे, आणि तो असायलाही हवा. पण वाटसरूंचे खून होत होते हे नक्की. रजेवर घरी निघालेला, कमरेला साठवलेले पैसे बांधलेला शिपाई हे त्यांचे आवडते सावज. सोबत करायची, गोड बोलायचे आणि मुक्कामावर माणूस निवांत बसला की गळ्याला रुमाल.

म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी या वाटेवर थांबण्याची धास्ती होती. आज नेमके उलटे आहे. चौपदरी गुळगुळीत रस्ता, जागोजाग पेट्रोलपंप आणि ढाबे, पथकराचे पैसे फास्टॅगमधून आपोआप कापले जातात. टोलनाक्यावर काच खाली करून दोन शब्द बोलण्याचीही गरज उरलेली नाही. थांबायला भाग पाडणारे काहीच नाही, म्हणून आपण थांबत नाही.

सतरा तास जागा असलेला माणूस

‘मला काही झोपबीप येत नाही,’ असे सांगणारा एक तरी पुरुष प्रत्येक कुटुंबात असतो. त्याच्यासाठी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की सलग सतरा तास जागा राहिलेला माणूस हातांचे आणि डोळ्यांचे काम साधारण तितकेच वाईट करतो, जितके रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेला माणूस करील. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सहाला उठून घाटावर गेलेले आपले बाबा रात्री अकराला चाकावर बसतात तेव्हा बरोबर सतरा तास झालेले असतात. आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस मद्यप्यासारखी गाडी चालवू लागतो, आणि त्याला ते कळतही नाही.

झोपेची डुलकी चार सेकंदांची असू शकते. ताशी नव्वदच्या वेगात गाडी सेकंदाला पंचवीस मीटर जाते. चार सेकंद म्हणजे शंभर मीटर, क्रिकेटच्या पाच खेळपट्ट्या, एवढे अंतर गाडी कुणीही न चालवता जाते. डोळे उघडे असले तरी असे होऊ शकते, हे विशेष.

काच खाली करणे, गाण्यांचा आवाज वाढवणे, तोंडावर पाणी मारणे, तंबाखूचा बार भरणे, हे सगळे उपाय पाच-दहा मिनिटांचे. झोपेला उतारा झोपेचाच. गाडी पंपाच्या आवारात सावलीत लावावी, कडक चहा किंवा कॉफी घ्यावी आणि लगेच वीस मिनिटे पडावे. चहाचा अंमल चढायला अर्धा तास तरी लागतो, तोवर डुलकी पुरी होते आणि दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. उठल्यावर पाच मिनिटे पाय मोकळे करूनच चाकावर बसावे. मध्यरात्री दोन ते सकाळी सहा आणि दुपारी जेवणानंतर दोन ते चार, या वेळा शरीराच्या घड्याळाच्या उतरत्या वेळा आहेत. पहिल्या वेळेत गाडी चालवूच नये. दुसऱ्या वेळेत जेवण हलके ठेवावे किंवा चालक बदलावा.

चालक बदलण्यावरून आठवले. घरातील गृहिणीला गाडी चालवता येते, परवाना आहे, रोज ती मुलांना शाळेत सोडते. पण लांबच्या प्रवासात तिच्या हाती चाक दिले जात नाही. ‘हायवेवर तुला जमायचं नाही.’ बाहेरगावच्या रस्त्याची सवय तिला व्हायला हवी असेल, तर सकाळची, उजेडाची, मोकळ्या रस्त्याची वेळ यापेक्षा चांगली कोणती? जातानाच तिला रोज तास-दीड तास चालवू द्यावे. म्हणजे परतताना घरात दोन चालक असतील.

आणि गाडी भाड्याची असेल तर? १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने पगारी चालकाला दिवसाला आठ तास काम ठरवून दिले होते, आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. प्रत्यक्षात काय होते ते आपण सगळे पाहतो. कुटुंब वातानुकूलित खोलीत झोपते, चालक सीट मागे पाडून गाडीतच, डास मारीत. सकाळी पाचला आपण त्याला काचेवर टकटक करून उठवतो आणि त्याच्या भरवशावर पोरेबाळे गाडीत घालून पाचशे किलोमीटर निघतो. त्याला पलंग, पंखा आणि पुरी रात्र मिळालीच पाहिजे. बुकिंग करतानाच चालकाच्या खोलीचे विचारून घ्यावे आणि ते पैसे प्रवासखर्चात धरावेत. त्यात उपकाराचा भाग काहीच नाही, आपलीच पोरे मागे बसलेली असतात. त्याचे जेवण कधी झाले, शेवटचे घरी कधी बोलला, एवढे विचारायला तर पैसेही पडत नाहीत.

वाट वाकडी करावी अशी मझौली

आता थोडे आनंदाचे. परतीच्या दिवसांत मुद्दाम थांबायचे तर थांबण्याजोगे काही हवे. प्रयाग-काशीइतके मोठे, रांगांचे, धक्काबुक्कीचे नको. त्याने माणूस आधीच शिणलेला असतो. म्हणून सिहोऱ्याहून महामार्ग सोडून पश्चिमेला वळावे. विसेक किलोमीटरांवर मझौली लागते. जबलपूर जिल्ह्यातले तहसिलीचे गाव. तिथे विष्णुवराहाचे देऊळ आहे.

नऊशे-हजार वर्षांपूर्वी या मुलखावर कलचुरी राजांचे राज्य होते. त्यांची राजधानी त्रिपुरी, म्हणजे आजचे भेडाघाटाजवळचे तेवर. १९३९ चे काँग्रेसचे गाजलेले त्रिपुरी अधिवेशन याच नावाचे. मझौलीतील वराहाची मूर्ती त्या कलचुरी काळातली, अकराव्या शतकातली. मूळचे देऊळ तेराव्या शतकानंतर पडझडीला आले आणि सतराव्या-अठराव्या शतकात जुनेच दगड वापरून पुन्हा उभे राहिले. त्यामुळे देवळाभोवती फिरताना साध्या भिंतीत एकदम एखादा कोरीव दगड समोर येतो. मुलांना असे दगड शोधायला सोडावे. आठ दिवस ‘हात जोड, पुढे चल’ एवढेच ऐकलेली पोरे त्यात रमतात.

मूर्ती पाहिल्यावर मुलांचा पहिला प्रश्न येतो : देव असा कसा? कारण आपल्याकडच्या चित्रांत वराहाचे तोंड तेवढे डुकराचे आणि धड माणसाचे असते. इथला वराह अख्खा पशुरूपातला आहे, चार पायांवर उभा, आणि त्याच्या अंगावर लहान लहान देवदेवतांच्या ओळीच्या ओळी कोरलेल्या. पृथ्वी पाण्यातून वर काढणाऱ्याच्या अंगाखांद्यावर सगळे देव आसऱ्याला आले, अशी ही कल्पना. सागर जिल्ह्यातील एरणचा वराह याहून पाचशे वर्षांनी जुना आणि आकाराने प्रचंड, खजुराहोचा तुळतुळीत. मझौलीचे नाव त्यांच्या पंक्तीत क्वचितच घेतले जाते. घ्यायला हवे, असे आम्हाला वाटते.

मझौलीहून परत सिहोऱ्याला यायची गरज नाही. तसेच पुढे कटंगीला जावे आणि दमोह-जबलपूर रस्त्याने जबलपूर गाठावे. सरळ रस्त्यापेक्षा तीस-पस्तीस किलोमीटर जास्त, पण अवजड ट्रकांची रांग तेवढ्यापुरती सुटते. कटंगीचे रसगुल्ले त्या भागात नावाजलेले आहेत. नाव रसगुल्ला असले तरी तो बंगाली, पांढरा, मऊ रसगुल्ला नव्हे. खव्याचा, तळलेला, काळपट, आपल्या गुलाबजामाच्या कुळातला आणि अंगाने चांगला दांडगा! चालकाने एकावर थांबावे. दुपारच्या वेळी दोन खाल्ले तर पुढच्या मैलावर डोळे मिटतील.

हा वळसा उजेडात करावा. गावांतून जाणारा रस्ता आहे, गुरे, सायकली, शाळा सुटलेली मुले मध्ये येतात. म्हणजे प्रयागहून पहाटे नव्हे, नाश्ता करून निघावे, रात्रीचा मुक्काम मैहर किंवा कटनीला करावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मझौली. जबलपूरला दुपारी पोचता येते. तिथे मात्र एक नव्हे, दोन रात्री राहावे, हे आमचे आग्रहाचे सांगणे.

जबलपूरची एक रिकामी रात्र

दुसरी रात्र कशाला, असा प्रश्न घरातून हमखास येईल. पाहण्यासारखे आहेच : भेडाघाटचे संगमरवरी कडे, धुवांधार, चौसष्ट योगिनींचे गोलाकार देऊळ. १८१७ पर्यंत हा भाग नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता, त्यामुळे मराठी माणसाला तो अगदीच परका वाटत नाही. पण दुसरी रात्र पाहण्यासाठी नाही. ती कपडे धुऊन वाळवण्यासाठी, आजोबांच्या सुजलेल्या पायांसाठी, घरी निवांत फोन करण्यासाठी आणि चालकाच्या झोपेसाठी आहे. आणखी एका गोष्टीसाठीही. आठ दिवसांत नवरा-बायकोत, सासू-सुनेत, भावाभावांत जे काही कुरबुरीचे झालेले असते, ते धावत्या गाडीत मिटत नाही. खव्याची जिलेबी समोर ठेवून बसले की बरेचसे मिटते.

भाड्याचा हिशेब करायचा तर तो निघण्यापूर्वीच करावा. एक वेगळे पाकीट करून त्यावर ‘येताना’ असे लिहावे आणि त्यात दोन मुक्कामांचे, इंधनाचे व टोलचे पैसे बाजूला काढून ठेवावेत. बनारसी साड्यांच्या दुकानात कितीही मोह झाला तरी त्या पाकिटाला हात लावायचा नाही. ज्यांना यूपीआयची सवय आहे त्यांनी तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी. परतीची घाई अनेकदा वेळेची नसतेच, ती पैशांची असते, आणि घरातला कर्ता माणूस ते तोंडाने बोलत नाही.

मागच्या सीटवरची माणसे

परतताना गाडीची शिस्त सैल होते. मुले आडवी पसरतात, आई पट्टा काढून मांडीवर डोके घेते. मागच्या सीटवरही पट्टा लावणे आपल्याकडे कायद्याने सक्तीचे आहे, हे फार थोड्यांना माहीत होते, ते ४ सप्टेंबर २०२२ ला सगळ्या देशाला कळले. उद्योगपती सायरस मिस्त्री उदवाड्याहून मुंबईला परतत असताना पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ त्यांची मोटार पुलाच्या कठड्यावर आदळली. ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. गाडी उत्तम होती. अंतरही काही फार नव्हते.

पट्ट्याइतकाच सामानाचाही विचार करावा. जाताना डिकीत नीट बसलेले सामान येताना दुपटीने वाढते आणि मागच्या काचेपाशी रचले जाते. पितळी समई, पाषाणाची मूर्ती, गंगेचा तांब्याचा गडू अशी वस्तू जोराच्या ब्रेकला डोक्यावर आली तर काय होईल? जड वस्तू डिकीच्या तळाशी, कपड्यांच्या गाठोड्यात. गडू लाखबंद असतो, तो उभा राहिला म्हणजे झाले. तो मांडीवर घेऊन बसण्यात भक्ती असेल, पण आजींचे मनगट त्याने दुखते.

बायकांच्या बाबतीत एक अडचण मोकळेपणाने सांगायला हवी. स्वच्छतागृह कुठे आणि कसे मिळेल याची खात्री नसते म्हणून बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत. आठ दिवसांनी त्याचा परिणाम डोकेदुखी, लघवीची जळजळ, चिडचिड असा दिसू लागतो, आणि वर ‘तुझीच कटकट फार’ हेही ऐकावे लागते. दर दोन तासांनी, कुणी मागणी न करता, मोठ्या पेट्रोलपंपावर गाडी थांबलीच पाहिजे असा नियम करून टाकावा. मागावे लागू नये, यातच सगळे आले. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या वडीलधाऱ्यांनाही याच थांब्यांवर चार पावले चालवावे. त्यांच्या गोळ्या ठरल्या दिवसांपेक्षा चार दिवसांच्या जास्त घ्याव्यात, म्हणजे औषध संपले या कारणाने रात्री गाडी हाणावी लागत नाही.

दुसरा वराह

जबलपूर ते नागपूर साधारण पावणेतीनशे किलोमीटर. तिलवारा घाटाशी नर्मदा ओलांडली की माणसाला उगीचच घर जवळ आल्यासारखे वाटते. सिवनी सोडल्यावर पेंचचे जंगल सुरू होते. वाघ, गवे, हरणे यांना रस्त्याखालून जाता यावे म्हणून तिथे महामार्ग उचलून घेतला आहे. महाराष्ट्राच्या हद्दीत अशा नऊ जागा आहेत. मुले खिडकीला नाक लावून बसतात. वाघ दिसेलच असे नाही. जनावरांच्या वाटेचा एवढा विचार झालेला पाहून बरे मात्र वाटते.

मनसरला आल्यावर आणखी एकदा वाट वाकडी करावी, ती रामटेकसाठी. गडावर वाकाटकांच्या काळातला, पाचव्या शतकातला, एकसंध दगडाचा वराह आहे. हाही पशुरूपातला, पण अंग साधे, कोरीव ओळी नसलेले. मझौलीचा पाहून आलेल्या मुलांना हा दाखवावा आणि दोहोंत फरक काय ते त्यांनाच विचारावे. सहाशे वर्षांत मूर्तिकारांच्या मनात काय काय बदलले, ते कुठल्याही पुस्तकापेक्षा लवकर कळते. या वराहाच्या पोटाखालून जो सरपटत पलीकडे जाईल तो निष्पाप, अशी तिथली समजूत आहे. आठ दिवस पुरी-कचोरी, रबडी आणि जिलेबी खाल्लेल्या थोरांनी तो प्रयोग करू नये, हे बरे!

नागपूरला रात्रीचा मुक्काम. इथून पुढे मुंबई-नाशिककडे जाणाऱ्यांना समृद्धी महामार्ग आहे. ७०१ किलोमीटरांचा हा रस्ता ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला. सरळ, रुंद, सिग्नल नाही, गाव नाही. हेच त्याचे सुख आणि हीच त्याची भीती. तासन्‌तास तेच दृश्य समोर असले की मेंदू सुस्तावतो, त्याला महामार्गाचे संमोहन म्हणतात. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ याच रस्त्यावर खासगी बसला अपघात होऊन २५ प्रवासी जळून मेले. त्याच्या कारणांची चर्चा पुष्कळ झाली, ती इथे नको. घर पाच-सहाशे किलोमीटरवर असताना रात्री नऊला नागपूर सोडण्याचा मोह आवरावा, एवढेच सांगायचे आहे. सकाळी निघावे, टायरची हवा पाहून घ्यावी, ताशी १२० ही वेगाची कमाल मर्यादा आहे, ती गाठलीच पाहिजे असे नाही, हे ध्यानात ठेवावे.

घरी संध्याकाळी पाच-सहाला पोचेल असा बेत ठेवावा. मध्यरात्री कुलूप उघडले तर सगळे झोपी जातात आणि एक जण दूध, पाणी, अंथरुणे बघत जागी राहते; ती कोण, हे वाचकांना सांगायला नको. त्या रात्रीचा पिठलंभात शेजारणीने पाठवला तर सोन्याहून पिवळे, नाहीतर बाहेरून मागवावा. आणि दुसऱ्या दिवशी कुणीही कामावर जायचे नाही, शाळेतही नाही. रजेचा शेवटचा दिवस घरात घालवायचा असतो, तो रस्त्यासाठी वापरायचा नसतो.

मावंद्याच्या दिवशी

आपल्या जुन्या लोकांनी परत येण्याला एक रीत लावून दिली होती. १८५७ मध्ये वरसईहून काकांबरोबर उत्तरेत गेलेले विष्णुभट गोडसे ऐन बंडाच्या धामधुमीत सापडले आणि गंगेची कावड घेऊन पायी परतले. त्यांचे ‘माझा प्रवास’ आपण वाचतो. अशा माणसांना घाई करणे शक्यच नव्हते. काशीकर गावाच्या वेशीशी आले की थांबत, निरोप जाई, घरचे आणि गावचे लोक सामोरे येत आणि वाजतगाजत घरी नेत. मग दिवस पाहून मावंदे. गंगेची पूजा, आप्तेष्टांना जेवण, प्रत्येकाच्या हातावर तीर्थ. यात्रा संपली असे तेव्हा धरले जाई.

आजही पुष्कळ घरांत मावंदे होते. फक्त त्याची तारीख निघण्यापूर्वीच छापून टाकतात, परतल्यावर दुसऱ्याच दिवशीची, कारण पुढे हॉल मिळत नाही. मग त्या तारखेसाठी गाडी रात्रंदिवस पळवावी लागते. मावंदे पंधरा दिवसांनी केले तरी शास्त्राला चालते आणि पाहुण्यांनाही. यात्रेकरूंची झोप भरून निघते, फोटो लावून होतात, मझौलीचा वराह कुणाला दाखवायचा ते ठरते. तोवर गडू देवघरात राहू द्यावा. त्याची लाख फोडायला कुणाला घाई नसते.